पूरकट

आठवीत मराठीच्या बाईंनी प्रत्यय शिकवायला घेतले, तेव्हा बदलापूरच्या मांजर्ली भागातलं पुराचं पाणी नुकतंच ओसरलं होतं. माझ्या मागच्या बाकावरची मुलगी तिथे तळमजल्यावर राहायची. तिच्या घरात छातीभर पाणी शिरलं होतं. चार दिवसांनी ती शाळेत आली. गणवेश धुतलेला होता, पण वास गेला नव्हता. आम्ही चौथ्या मजल्यावरचे. आमचे फक्त दिवे गेले होते.

बाईंनी फळ्यावर ‘-कट’ लिहिलं. मळ, मळकट. तेल, तेलकट. पोर, पोरकट. “आता तुम्ही शब्द बनवा. नवीन असला तरी चालेल.”

मी हात वर केला. “पूरकट.”

“म्हणजे?”

“पुरात भिजलेल्या कपड्यांना वास येतो ना, तसला.” हे सांगताना मी मुद्दाम मागे वळून पाहिलं. वर्ग हसला. बाईही हसल्या, शब्द फळ्यावर लिहिला आणि मला शाबासकी दिली.

मधल्या सुट्टीपर्यंत ते तिचं नाव झालं होतं. मग पूरकटपणा, पूरकटीण असे शब्द वाढत गेले. बहुतेक मीच वाढवले. मला ते छान जमायचं. तिची पुस्तकं-वह्या वाहून गेल्या होत्या, पण उतरवून घ्यायला कोणी तिला वही देईना. मीही दिली नाही.

पंधरा दिवसांनी तिची आई आली. उल्हासनगरला जीन्सच्या कारखान्यात शिलाईला होती, अर्धी रजा टाकून आली होती. बाई म्हणाल्या, “मुलं आहेत, मनावर घेऊ नका.” आई माझ्याकडे वळली. “तू हिच्या पुढेच बसतेस ना गं? हे नाव कोणी पाडलं?”

मी एका दांडगट मुलाकडे बोट दाखवलं. बाईंनी नुसता हजेरीपट उघडला. आई त्याला एवढंच म्हणाली, “असं बोलू नये रे.” मुलगी माझ्याकडे पाहत होती. तिनं आईला खरं सांगितलं नाही.

दिवाळीनंतर ती कुळगावच्या शाळेत गेली. वार्षिक परीक्षेत मराठीत मी पहिली आले.

गेल्या वर्षी ती बदलापूर स्टेशनबाहेर दिसली. मी हाक मारली.

“मला तुझी माफी मागायची होती.”

“माग की,” ती म्हणाली.

मी मागितली. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं आणि रिक्षात बसली.