मिलेट प्लॅटर

वेल्ह्याला आमच्या झेरॉक्सच्या दुकानासमोर एका काकांची खानावळ आहे. मोबाईलवर पुण्याच्या हॉटेलांचे व्हिडिओ बघायचे आणि दर सोमवारी मेनूकार्ड बदलायला माझ्याकडे यायचं, हा त्यांचा नेम.

"ताई, तुमी इंग्लिश शाळंतल्या. जरा भारी नाव द्या की!"

मला नाही म्हणता येत नाही. म्हणून पिठलं आणि नाचणीच्या भाकरीचं 'मिलेट प्लॅटर' झालं, ताकाचं 'प्रोबायोटिक कूलर'. तहसील कचेरीत कामाला आलेली माणसं कार्ड बघून उठून जाऊ लागली. एकदा धीर करून मी म्हटलं, "काका, खाली मराठीतही लिहू या का?"

"मग ट्रेंड कुठं ऱ्हायला?"

काल मी तिथेच जेवत होते. दाखल्याच्या रांगेतून एक म्हातारे बाबा उपाशी आले आणि त्यांनी भाकरी मागितली.

"भाकरी न्हाई, बाबा. मिलेट प्लॅटर हाय."

"मग ऱ्हाऊ द्या. आमाला भाकरीच लागती." बाबा काठी टेकत निघाले.

मी काही बोलेन म्हणेपर्यंत काका दारात धावले आणि बाबांच्या कानाशी लागले. "बसा. भाकरीच हाय. फकस्त मोठ्यानं बोलू नगा."

पहिल्याच घासाला बाबा गरजले, "लई झ्याक झालीया भाकरी!"

कार्ड उलटसुलट करत बसलेल्या दोघांनी लगेच हात वर केले. "आमाला बी भाकरी!"

आता तरी यांना कळेल, असं मला वाटलं. काका खुशीत माझ्याकडे वळले.

"ताई, भाकरी ट्रेंडमधी आली! नव्या कार्डावर भाकरीच लिवा. पण इंग्लिशमधी."