उस्तादांच्या मापांचं खातं

उस्ताद माणसाच्या तोंडाकडे नंतर बघत. आधी बघत ते पायांकडे, टाच कुठल्या बाजूनं झिजलीय तिकडे. एक पाय आखूड, घोटा वाकडा, बोटं एकावर एक चढलेली, असल्या पायांचे बूट शिवण्यात त्यांची हयात गेली. हात कायम सोल्यूशननं चिकट, मग मापं लिहायची कुणी? ते फोनशीच बोलत, आणि बोललेलं सगळं त्यांच्या ऑनलाइन खात्यात साठे. “डावा तीन सूत आखूड. चवड्याला दाबायचं नाही, दुखतं, पण बाई सांगत नाही.” जुन्या वह्यासुद्धा त्यांनी अशाच वाचून वाचून खात्यात भरल्या आणि वाळवी लागलेले गठ्ठे रद्दीत घातले. पासवर्ड मात्र बायकोलाही सांगितला नाही. फोन उघडताना अंग चोरून, पंजाआड धरून उघडायचे. वहिनी म्हणायच्या, “मी काय तुमची सवत शोधायला बसलेय का त्यात?”

मग एका सकाळी दुकानातच झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. पडता पडता फोनचाही चुरा झाला.

वहिनी आधीपासून दुकानात वरचं कातडं शिवत. आता सगळंच अंगावर आलं. नवा फोन घेतला, पण खातं पासवर्ड मागे. उस्तादांना तो आठवेना. डाव्या बोटानं काहीतरी दाबत आणि वैतागून फोन गादीवर टाकत. वहिनींनी आणि धाकट्या दिरानं लग्नाची तारीख घालून पाहिली, दुकानाचा नंबर घालून पाहिला, आणि भरीत भर म्हणून दिरानं स्वतःच्या जन्माची तारीख घातली. खातं कुलूपबंद झालं.

“तुमचा वाढदिवस ह्यांना कधी लक्षात राहिलाय का, भाऊजी?” वहिनी म्हणाल्या.

कंपनीचं उत्तर आलं: मालकानं फोनवर स्वतः बोलून ओळख पटवावी. ते जमत नसेल तर फॉर्म भरावा. फॉर्ममध्ये दोनच चौकटी. मालक वारले आहेत, किंवा मालकाला समज उरलेली नाही. दोन्हीला कागद जोडायचा. पहिल्याला मृत्यूचा दाखला, दुसऱ्याला कोर्टाचा हुकूम.

दुकानात गिऱ्हाइकं येऊन परत जात होती. पाय काय, पुन्हा मोजता येतो. पण कुठं दुखत होतं आणि काय केल्यावर थांबलं, ते कुठल्या पट्टीनं मोजायचं? चार महिन्यांत दोन जोड परत आले. आणखी चार महिने असेच गेले की दुकानाला टाळं, हे वहिनींना दिसत होतं. त्यांनी वकीलबाईंचं ऑफिस गाठलं आणि सांगून टाकलं, “लिहा, ह्यांना काही कळत नाही. मला ह्यांची पालक करा. लवकर.”

“नवऱ्याची पालक,” वकीलबाई लिहिता लिहिता म्हणाल्या.

“पस्तीस वर्षं आहेच. नुसता कागद नव्हता.”

पण वकीलबाई चिवट. माणूस डोळ्यांनी पाहिल्याशिवाय अर्ज लावायचा नाही, ही त्यांची रीत. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या घरी आल्या. उस्ताद खिडकीशी खुर्चीत. वकीलबाईंनी समोर बसून अर्ज सावकाश वाचला. ‘सदर इसमास भल्याबुऱ्याची समज उरलेली नसून, त्यांचे सर्व व्यवहार व ऑनलाइन खाती...’

उस्तादांनी वहिनींकडे पाहिलं. रागानं नाही. परका माणूस घरात शिरल्यावर बघतात तसं. वहिनींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळायला सुरुवात केली.

“अहो, नुसतं कागदापुरतं आहे ते,” त्या म्हणाल्या.

उस्तादांनी मान फिरवली आणि खाली वकीलबाईंच्या पायांकडे बघत बसले. बराच वेळ. मग डावा हात लांबवून त्यांच्या उजव्या बुटावर बोट ठेवलं, आतल्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी. बोट तिथंच दाबून ठेवलं आणि वर त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

वकीलबाई जरा ओशाळल्या. “तिथंच दुखतं. दोन वर्षं झाली. कुणाला बोलले नाही मी.”

उस्तादांनी बोटांत दीड सुताचं अंतर धरून दाखवलं. एवढं सैल करा.

वकीलबाईंनी अर्ज घडी करून पिशवीत टाकला. “वहिनी, हा कागद मी कोर्टात लावला तर खोटं बोलल्यासारखं होईल. ह्यांना समज आहे. वाचा नाही, ती वेगळी गोष्ट. समज असलेला माणूस मुखत्यारपत्र देऊ शकतो. डॉक्टरांचा दाखला घेऊ, नोटरीसमोर वाचून दाखवू, मान हलवून होकार देतील, डावा अंगठा देतील. कंपनीला तो कागद मानावा लागेल. चौकट नसली तर मी भांडेन.”

“मग मी इतके दिवस...” वहिनी एवढंच बोलल्या.

“फॉर्मला चौकटी दोनच होत्या. माणसं तिसऱ्या तऱ्हेची असतात.”

आठवड्यानं नोटरी घरी आला. कलमं एकेक करून वाचली. खातं उघडणे? होकार. मापं ऐकणे व वापरणे? होकार. खाते बंद करणे, मजकूर पुसणे? उस्तादांनी मान हलवली, नाही. नोटरीनं पुन्हा विचारलं. पुन्हा नाही. ते कलम खोडलं.

“आणि तुम्ही गेल्यावर?” वकीलबाईंनी सरळच विचारलं. “मुखत्यारपत्र तेव्हा संपतं. खात्यासाठी मृत्युपत्रात वेगळी ओळ लागेल.”

उस्तादांनी वहिनींकडे बोट केलं.

“आणि मीच आधी गेले तर?” वहिनी म्हणाल्या. उस्तादांच्या तोंडाची चांगली बाजू हसली. नोटरीनं ओळ लिहून घेतली.

कंपनीनं दोनदा कागद परत पाठवले, वकीलबाई दोनदा भांडल्या, आणि महिन्याभरानं खातं उघडण्याची परवानगी आली. नवा पासवर्ड ठेवा, असं फोन म्हणाला.

वहिनींनी फोन उस्तादांच्या मांडीवर ठेवला. “तुम्हीच ठेवा. खातं तुमचं आहे.”

ते डाव्या बोटानं एकेक आकडा दाबू लागले. दुसऱ्या आकड्याला सवयीनं अंग चोरलं, खांदा पुढे आला, फोन पोटाशी गेला. वहिनी खिडकीबाहेर बघू लागल्या.

थोड्या वेळानं त्यांच्या गुडघ्याला काहीतरी लागलं. उस्तादांनी फोन त्यांच्याकडे वळवला होता. दाबलेले पुसून त्यांनी पहिल्यापासून सहाही आकडे हळूहळू दाबले, प्रत्येक आकडा वहिनींनी पाहिला याची खात्री करत.