घरचं काम

मी रंगारी. सातपूरला राहायचो आणि चौरस फुटाच्या भावानं लोकांची घरं रंगवायचो. भिंतीला हात लावण्याआधी भाव सांगायचा, निम्मी उचल घ्यायची, हा माझा नियम. एकदाच मोडला आणि ते अजून खुपतं.

विंचूरच्या शाळेत मी आणि माझा एक मित्र दहावीपर्यंत एका बाकावर. पुढे तो कांद्याच्या व्यापारात शिरला, बरकत आली आणि दोन हजार सालच्या सुमारास त्यानं गंगापूर रोडला बंगला बांधला. रंगाला मला बोलावलं. मी खोल्या मोजायला टेप काढला तर हसला. म्हणाला, "टेप काय काढतो? तू काय परका हाय का? घरचं काम समज." मी टेप खिशात घातला. भाव सांगायची लाज वाटली मला. पंधरा वर्षं धंदा केलेल्या माणसाला लाज! गाढवपणा, दुसरं काय.

घरचं समजायचं म्हणून मग तसंच केलं. भेगा-खड्ड्यांत दोनदा लांबी भरून भिंती घासल्या. इतरांना रंगाचे दोन हात देतो, त्याला तीन दिले. वहिनींना हॉलचा पिस्ता रंग फिका वाटला, तो बदलून दिला. महिनाभर दुसरं काम धरलं नाही. शेवटी हिशेबाचा कागद नेला. त्यात रंगाचे डबे आणि दोन मजुरांची हजेरी, बस्स. माझी मजुरी लावलीच नाही. म्हटलं, तो स्वतःच विचारेल, "अन् तुझं रे?" मी नको म्हणेन, तो बळंच खिशात कोंबेल. एवढीच हौस होती हो.

त्यानं कागद वाचला, वरचे दीडशे रुपये कापले आणि पैसे मोजले. "आपल्यात कसली घासाघीस," म्हणाला. घासलं होतं ते मी, महिनाभर, त्याच्या भिंतींना.

तरी वास्तुशांतीला गेलो. बायको ठेवणीतली साडी नेसली होती. हॉलच्या भिंतीसाठी घड्याळ नेलं होतं. शाळेतले दोघंतिघं पंगतीत भेटले, त्यांच्या शेजारी मी पाट ओढला. वाढायला सुरुवात झाली आणि यानं कारागिरांना पुढे बोलावलं. गवंडी आला, सुतार आला. वास्तुशांतीला कारागिरांना टॉवेल-टोपी द्यायची, ही आपली रीतच आहे, त्यात वाईट काही नाही. मी आपला ताटावर बसून. तर यानं माझ्याकडे बघून हाक मारली, "अरे पेंटर, तू पण ये ना."

शाळेपासून त्यानं मला या नावानं कधी हाक मारली नव्हती. भरल्या ताटावरून उठलो. त्यानं माझ्या डोक्यावर टोपी घातली, हातात टॉवेल आणि नारळ दिला आणि शेजारच्या पाहुण्याला सांगितलं, "हा आमचा पेंटर. लय स्वस्तात करतो."

पैसे देताना मी घरचा, आणि चारचौघांत मजूर. मजुरी मजुराची देऊन पंगतीत मला मित्र म्हणून बसू दिलं असतं, तर त्याचं काय बिघडत होतं? परत आलो तोवर माझ्या पाटावर दुसरं कुणी तरी जेवत होतं. मी जेवलोच नाही.

बायकोनं बायकांच्या पंगतीतून सगळं पाहिलं होतं. परतताना ती स्कूटरवर मागे बसली होती. सातपूरच्या नाक्यावर माझ्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, "टोपी काढा आता."