सुमीचं ताट

भुताखेतांच्या गोष्टींना मी कायम हसत आले. कुणी सांगायला लागलं की म्हणायची, "अहो, पोट बिघडलं असेल!" आता मला कुणी हसलं तरी चालेल.

गेवराईजवळच्या एका गावात आमचं घर आहे. बोर्ड नाही, गेट नाही... गल्लीतल्या इतर घरांसारखंच एक घर, त्यात आईबाप नसलेली आठ लेकरं आणि मी. सगळी मला माई म्हणतात. दूध शेजारून येतं, ज्वारी गाव देतं. नवीन लेकरू आलं की त्याला स्वतःचं ताट घ्यायचं आणि भांड्याच्या दुकानात त्यावर नाव घालून आणायचं, ही आमची रीत. लेकरू नातेवाइकांकडे परत गेलं की ताटही सोबत जातं.

सुमीला तलवाड्याचा काका न्यायला आला. "आमच्या रक्ताची हाय, आमीच सांभाळतो," म्हणाला. त्याच्या बायकोच्या कडेवर तान्हं मूल होतं. यांना पोरगी नको, मूल धरायला हात हवेत, अशी शंका मला तेव्हाच आली होती. बालकल्याण समितीपुढे एक शब्द बोलले असते तर पुरलं असतं. बोलले नाही. सुमी अंथरूण ओलं करायची, चावायची, आणि मी थकले होते. ती गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं... इतकं, की ताट द्यायचंही विसरले.

दुसऱ्या दिवशी दुपारी पोरांनी सवयीनं सगळी ताटं मांडली, तिचंही. मीही सवयीनं पिठलं-भाकरी वाढून बसले. लक्षात आल्यावर चिडून ते ताट आत स्वयंपाकाच्या ओट्यावर सरकवलं.

जेवणं उरकून आत गेले तर ताट स्वच्छ! शेवटच्या घासानं पुसून घेतलेलं, आणि कडेला हिरव्या मिरचीचे तुकडे ओळीनं लावलेले. अशी मिरची फक्त सुमी लावायची. पोरं तर माझ्या डोळ्यांसमोर बसली होती. आणि मांजर काही मिरची निवडून ठेवत नाही.

ताट पिशवीत घातलं आणि मिळाली ती जीप धरून तलवाडा गाठलं.

दाराला बाहेरून कुलूप. शेजारीण म्हणाली, "समदे कापूस वेचाया गेलेत. पोरगी लेकरापाशी कोंडलीया सकाळधरनं. चूल बी पेटली न्हाई आज."

खिडकीच्या गजांआड सुमी उभी होती, मूल कडेवर घेऊन.

"काही खाल्लंस का गं?"

"खाल्लं की माई. तूच तर वाढलंस. पिठलं लई तिखट केलतंस." गज धरलेली तिची बोटं हळदीनं पिवळी होती.

समितीपुढे या वेळी बोलले. सुमी परत आली. ताट तिचं तिला मिळालं, अंथरूण अजूनही ओलं होतं, आणि मी मुकाट्यानं धुते.

एकदा धीर करून विचारलं, "त्या दिवशी खरंच मीच वाढलं होतं का गं?"

"हो की. पन तू बोलतच नवतीस. नुसती रडत होतीस."

कोण आलं होतं, मला अजून सांगता येत नाही. मी नव्हते, एवढं मात्र नक्की. कारण त्या दिवशी मी रडले नव्हते.