पहिल्या धारेचा मान

"डावा घ्या बाई. हा हात पेत नाई."

रक्त द्यायला खुर्चीत बसले की भाऊ शर्टाची डावी बाही वर सारत आणि उजवा हात पाठीमागे लपवत, छडीला भिणाऱ्या पोरासारखा. आयुष्यभर पेला उजव्या हातानं धरला, म्हणजे दारू त्याच हातात मुरली असणार, असा त्यांचा समज. मी म्हणायची, "भाऊ, रक्त काही घरजावई नाई, एका जागी बसून राहाले." ते मान डोलवत, "खरं हाय जी," आणि पुन्हा डावाच पुढे करत.

मी वडशाला एका छोट्या लॅबमध्ये रक्त काढते. वडसा म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांचं गाव. दिवाळीनंतर गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, लेकी-जावई पाहुणे येतात, मांडव पडतो आणि नाटक चालतं ते उजाडेपर्यंत. त्या नाटकांत भाऊंचा पार्ट ठरलेला: दारुडा. ते एक पाऊल टाकत आणि दुसरं कुठं टाकायचं ते विसरून जात. तेवढ्यावरच अख्खा मांडव लोळायचा. घरात दारूचं नाव काढू न देणाऱ्या माझ्या सासूबाईसुद्धा तोंडाला पदर लावून हसत. तुमच्याही गावात असा एखादा असेल, ज्याच्या झोकांड्यांवर सगळे हसतात आणि घरी पोचला का हे कुणी विचारत नाही.

आमच्या जिल्ह्यात दारूबंदी आहे. वैनगंगेचा पूल ओलांडला की ब्रह्मपुरीकडे दुकानं उघडी. आणि पुलापर्यंत जायची गरज कुणाला? मोहाचं फूल तर दारात टपकतं, दारू घरीच गाळतात. दारुड्याचा पार्ट करून हे दारुडे झाले, की आधीपासून होते म्हणून पार्ट जमला, असं मी एकदा त्यांना विचारलंच. म्हणाले, "कोंबडी आधी का अंडं आधी, काय फरक पडते बाई? दोन्ही शिजून गेलं."

शिजलं होतं ते त्यांचं लिव्हर. डोळे पिवळे, पोट पाण्यानं फुगलेलं, पायांच्या काड्या. नागपूरच्या डॉक्टरांनी साफ सांगितलं होतं की दुसऱ्याच्या लिव्हरचा तुकडा बसवला तरच माणूस वाचेल. एकुलती एक लेक होती, गावच्या अंगणवाडीत शिकवायची. ती एका शब्दात तयार झाली. तिच्या तपासण्या चांगल्या आल्या, रक्तगट जुळला. अट एकच: बापानं सहा महिने दारूला शिवायचं नाही. आणि ते त्यांच्या शपथांवर नाही, रक्तावर ठरणार होतं. दर महिन्याला नमुना मी काढायचा आणि तो नागपूरला जायचा.

ही तपासणी पोलिसांच्या फुंकर मारायच्या मशीनसारखी नाही. मशीनपुढे लोक इलायची चघळतात, लिंबू चोखतात, एखादा दिवस कळ काढतात. इथं त्याचा उपयोग नाही. तोंडाचा वास जातो, नशा उतरते, पण रक्तातल्या लाल पेशींत दारूची खूण काही आठवडे बसून राहते. मी हे समजावलं तेव्हा त्यांनी आपला डावा दंड चाचपला. मग म्हणाले, "म्हंजे आंगातच पोलीस बसवला म्हना."

पावसाळ्यापासून नमुने जायला लागले आणि एकामागून एक चांगले येत गेले. "पास झालो जी!" असं ते लॅबच्या दारातूनच ओरडत. पोटाचं पाणी कमी झालं. लेक पेढे घेऊन आली. मलाही वाटायला लागलं की हा माणूस वाचतो. तरी मनात धाकधूक होती, कारण दिवाळी जवळ येत होती.

एकदा त्यांच्या शिरेत सुई असतानाच बाहेरून भोंग्याची रिक्षा गेली. भोंग्यावर त्यांचंच नाव, "खास आकर्षण, तुमचा लाडका बेवडा!" त्यांच्या तोंडावर हसू फुललं. मी सुई काढून कापूस दाबला.

"भाऊ, औंदा नाटक राहू द्या," मी म्हटलं.

"लोक मले ह्या एकाच पार्टानं ओळखते, बाई. तो सोडला तं मी कोन?"

आजार त्यांनी नाटकवाल्यांपैकी कुणालाच सांगितला नव्हता. सांगितला तर पार्ट दुसऱ्याला जाईल ही धास्ती. रंग लावला की चेहऱ्याचा पिवळेपणा झाकला जायचा. आणि डोळ्यांचं काय, विचारलं तर म्हणाले, "दारुड्याचे डोळे कसेबी चालते."

स्टेजवरच्या पेल्यात गुळाचं पाणी असायचं. पण आमच्याकडे एक रीत आहे. घरी मोहाची गाळली की भट्टीतून जी पहिल्यांदा टपकते, सगळ्यांत कडक, ती घरचे पीत नाहीत. ती पहिल्या धारेची मानाच्या पाहुण्यासाठी ठेवतात. सिंदेवाहीकडच्या एका गावानं मंडईच्या नाटकात गुपचूप पेला बदलला. एवढा मोठा कलावंत आपल्या गावी आला आणि त्याला गुळाचं पाणी पाजायचं? गावाची लाज गेली असती. कुणाच्याही मनात काळंबेरं नव्हतं, हे मी आजही मानते. म्हणून तर राग कुणावर काढावा ते कळत नाही.

पुढच्या नमुन्याला ते आले तेव्हा लेक सोबत होती. दोनच नमुने राहिले होते. खुर्चीत बसल्यावर त्यांनीच सांगितलं, माझ्याकडे न बघता.

"ओठाले लावला अन् वासावरूनच समजलं. समोर सारा मांडव हासून राह्यला होता. थुकू कसा, बाई? मान होता तो."

"एकच पेला ना?"

त्यांनी डावी बाही खाली ओढली, पुन्हा वर सारली. "पहिल्या गावी त्यायनं देला. दुसऱ्या गावी म्याच मांगतला."

लेकीनं हे तिथंच पहिल्यांदा ऐकलं. ती रडली नाही. बाही वर करून तिनं माझ्यासमोर हात धरला. "ताई, माहं रक्त घ्या. नाव बाबाचं टाका. लिव्हर तं माहंच जानार हाय त्यायच्यात, मंग रक्त कोनाचं हे कोन पाह्यते?"

तिचा जीव किती तुटत होता ते दिसत होतं, आणि पेला न सुटलेल्या अंगात तिचा तुकडा शिवला तर तोही सडणार हेही दिसत होतं. मी काही बोलायच्या आत बापानंच तिचा हात खाली केला.

"नाटक मांडवात, पोरी. इथी नाई. तुह्या आंगाचा तुकडा घेऊन मी पुन्हा पेला उचलला तं?"

"नाई उचलनार तुम्ही."

"तुले कोनं सांगतलं?"

स्टेजवर त्यांचा आवाज हजार वेळा ऐकला होता. असा कधी ऐकला नव्हता. नमुना त्यांचाच गेला. अहवालात दारूची खूण निघालीच. डॉक्टरांनी ऑपरेशन थांबवलं आणि सांगितलं, पुन्हा सहा महिने, पुन्हा पहिल्यापासून.

त्यानंतर त्यांनी थेंबही घेतला नाही. हे मी पैजेवर सांगते, कारण नमुने मीच काढत होते. उन्हाळ्यात गावभर मोहफुलं वाळत पडली, त्या गोड वासानं अंगण दरवळायला लागलं, तेव्हा हा माणूस भर उकाड्यात दारं-खिडक्या लावून आत बसायचा. अहवाल महिन्यागणिक सुधारत गेले आणि माणूस महिन्यागणिक खचत गेला. पुढे तर त्यांना लॅबपर्यंत येववेना, मग मीच घरी जाऊ लागले. "पास ना जी?" ते पडल्या पडल्या विचारत. "पास," मी म्हणायची. ते खरंच होतं, आणि तो शब्द म्हणताना मी बाटलीवर नाव लिहायला खाली वाकायची.

शेवटचा नमुना तेवढा राहिला होता. धानाची रोवणी सुरू व्हायच्या आत ते गेले.

परवा आठवडी बाजारात लेक भेटली. इकडचं तिकडचं बोललो. भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेत ती म्हणाली, "ताई, डॉक्टर म्हनत होते, तुहं लिव्हर एकदम चांगलं हाय. बाबाले पुरलं असतं."

मी हो म्हटलं.

"आता मी काय करू त्याचं?"