ड्रमरची घाई

आमच्या मेटल बँडचा ड्रमर बँकेत कारकून आहे. मागच्या वर्षी त्याची पाठ गेली आणि डॉक्टरांनी ड्रम कायमचे बंद केले. गाणी आम्ही नारायण पेठेत माझ्या घरीच रेकॉर्ड करतो, म्हणून ड्रम संगणकावर बसवायचे ठरले. दोन सॉफ्टवेअर चाचणीपुरती फुकट मिळाली. निवड त्यानेच करावी, असा हट्ट मी धरला. स्वतःच्या जागी कोण बसणार हे ठरवायला तो तोंड पाडून आला.

पहिल्यात ताल तयारच होते, अगदी घड्याळासारखे. मी गिटार घेऊन मोठ्या रुबाबात उभा राहिलो आणि शेवटच्या कडव्याआधी सपशेल चुकलो. पुन्हा वाजवलं, पुन्हा तिथेच चुकलो.

"तिथे मी घाई करतो," तो शांतपणे म्हणाला. "वीस वर्षं त्यावरूनच तर शिव्या घालतोयस."

म्हणजे इतकी वर्षं मी त्या घाईचा हात धरूनच कडव्यात शिरत होतो.

दुसऱ्यात प्रत्येक ठोका हाताने मागेपुढे सरकवता येत होता. त्याने पाठीला उशी लावली आणि तासभर बसून आपली घाई ठोक्याठोक्याने त्यात भरली. अर्थात तेच घेतलं. आता दर रविवारी सरावाला ते कडवं आलं की मी त्याला सांगतो, "जरा सावकाश घे रे." तो माऊसला हातही लावत नाही.