आधी किल्ली, मग नाव

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा वरच्या खोलीची किल्ली माझ्याकडं नव्हती. अहमदपूरकडचं एक कुटुंब, नवरा-बायको आणि बारावीची मुलगी, खोली बघायला जिना चढून गेलं होतं आणि मी आमच्या रिवाजाप्रमाणे खाली थांबले होते. नांदेडहून आक्कांची शेजारीण बोलत होती, "मावशी, आक्का गेल्या हो... चहा ठेवला होता, तो तसाच उकळून राहिला." मी म्हणाले, "बरं." माणूस गेल्याचं ऐकून 'बरं' म्हणणारी शहाणी मीच. तेवढ्यात ते तिघं खाली उतरले. मुलगी हसत होती, तिला खिडकी आवडली होती. बापानं जिन्याच्या तळाशी लावलेली पितळी पाटी वाचली, किल्ली खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि म्हणाला, "घरी विचारून सांगतो." अख्खं घर तर माझ्यासमोर उभं होतं. आता घरी विचारायचं कुणाला, पालीला? पण त्या दिवशी मला हसू आलं नाही. रडूही आलं नाही. किल्लीला बांधलेली पांढरी पट्टी तेवढी बघत राहिले... आक्कांनीच बांधलेली, दवाखान्यातल्या बँडेजची.

रत्नमालाआक्का माझी थोरली नणंद. नांदेडच्या दवाखान्यात जन्मभर नर्स, लग्न केलं नाही. नोकरी लागली तेव्हा क्वार्टर मिळालं नाही आणि त्या खोली शोधत नांदेडभर फिरल्या. आमचं बौद्धांचं घर. आडनाव सांगितलं की आमच्याकडं पुढचं काही सांगावं लागत नाही, समोरच्याला एकदम आठवतं की खोली कालच गेली. असं सात वेळा झालं. आठव्या ठिकाणी एका म्हाताऱ्या विधवेनं खोली दिली, कारण तिला इंजेक्शन देणारी बाई घरातच हवी होती. आक्का हे हसत सांगायच्या, "माझ्या सुईनं मला घर दिलं बघ."

मी तेव्हा तिशीतली. लातुरात एका शाळेत शिवण शिकवायचे, हे एसटीच्या वर्कशॉपात. चार पैसे साठले होते आणि मला पाटल्या करायच्या होत्या. शेजारणीच्या पाटल्या मनात इतक्या वाजायच्या की झोप लागत नसे. अशात एका रविवारी आक्का एसटीनं आल्या, पिशवी खाली ठेवायच्या आत म्हणाल्या, "सुमे, लातुरात पोरं शिकायला येऊन राहिलीत. त्यांना छप्पर लागंल. आपण दोघी मिळून जागा घेऊ."

"आणि माझ्या पाटल्या?"

"पाटल्या काय भाडं देतात का गं?"

मग त्यांनी मला उन्हात पायी फिरवलं. क्लास सुटायच्या वेळेला रस्त्याच्या कडेला उभ्या राहायच्या आणि बघायच्या की पोरी कुठून चालत जातात. "जिथून पोरगी एकटी चालत जाते तिथं जागा घ्यायची. बाप तेच बघतो." मला कोपऱ्यावरचा प्लॉट हवा होता, दोन्ही रस्त्यांवरून लोकांना मी दिसले पाहिजे म्हणून. बांधकामाची वेळ आली तेव्हा मी मिस्त्रीला पुढं दोन नक्षीचे खांब सांगून मोकळी झाले. आक्का नांदेडहून आल्या, खांबांची आखणी पुसली. "आधी बोअर, मग संडास-न्हाणी, मग खोली. खांब कुणाला भाड्यानं देणार, माकडाला?" मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलंच नाही, कारण त्या नांदेडला ड्यूटीवर होत्या. असा माझा रुसवा.

खाली आम्ही, शेजारी एक खोली, वर दोन. शेजारी पहिले भाडेकरू आले ते दाळमिलमधले एक मुनीम, बायको आणि दोन मुली. माणसं चांगली, स्वच्छ. मुनीमबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं, "तुम्ही कुठले?" मी गावाचं नाव सांगितलं. "आडनाव?" मी म्हणाले, "दूध उतू चाललंय." पुढं वर्षभर माझ्या घरात रोज काही ना काही उतू जात होतं. दाराला नावाची पाटी लावायची राहिली, राहिली, म्हणून मी राहूच दिली. मुनीमबाई एकदा म्हणाल्या, "वरती देताना जरा बघून द्या हं, शेजार महत्त्वाचा." मी मान डोलावली. नंदीबैल बरा, त्याला निदान कुणी शिकवलेलं असतं.

आणि मग ते जोडपं आलं. तो कुठल्याशा ऑफिसात नवा लागलेला, ती सातव्या महिन्याची. तिच्या गळ्यात धम्मचक्राचं लॉकेट होतं. आमच्याच माणसांतली. मी लॉकेट बघितलं, मग मुनीमांच्या दाराकडं बघितलं आणि म्हणाले, "खोली कालच गेली हो." तिनं पाणी मागितलं. मी दिलं. ती पायरीवर बसून पाणी प्यायली, तांब्या विसळून पालथा ठेवला आणि दोघं उन्हात निघून गेले. मी मागं वळले तर स्वयंपाकघराच्या दारात आक्का. त्या दिवशी सकाळच्याच गाडीनं आलेल्या.

वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात म्हणाल्या, "हे वाक्य मी सात येळा ऐकलं, सुमे. आठव्यांदा माझ्याच घरात ऐकलं."

त्या जेवल्या नाहीत. बाजारात गेल्या, पाटी करायला टाकून आल्या. आठ दिवसांनी परत येऊन ती स्वतः स्क्रूनं बसवली, जिन्याच्या तळाशी, उतरणाऱ्याच्या समोर, त्याला चुकवता येणार नाही अशी. दोघींची नावं, पूर्ण आडनाव, खाली छोटं धम्मचक्र. आणि मला नेम घालून दिला, "आधी किल्ली, मग नाव. आलेल्याच्या हातात किल्ली द्यायची, त्याला एकट्याला खोली बघू द्यायची. कुलूप त्यानं स्वतः उघडायचं. आपण खाली थांबायचं, त्याचं काही विचारायचं न्हाई. आपलं त्यानं वाचावं."

महिन्याभरात मुनीम गेले. मुलींना शाळा लांब पडते म्हणाले. कालपर्यंत ती शाळा जवळ होती. तिन्ही खोल्या रिकाम्या पडल्या. लोक यायचे, वर जायचे, खाली उतरून वाचायचे, किल्ली कट्ट्यावर ठेवायचे. मी आक्कांशी नाही नाही ते भांडले. "भिंती बांधल्या त्या काय कबुतरांसाठी?" त्या म्हणायच्या, "थांब." बस, एवढंच.

मग एका रविवारी, आक्का इथं असताना, अर्धापूरचा एक केळीवाला शेतकरी आला, दोन लेकींना घेऊन. वर जाऊन आला. पाटीसमोर उभा राहिला... किती वेळ! बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं. मी देवाला मानत नाही, नाहीतर त्या दिवशी दहा नवस बोलले असते. मग तो वळला आणि म्हणाला, "पाण्याचं काय हाय?"

आक्का पदर तोंडाला लावून आत गेल्या. लातुरात खोली घेणारा कुणीही हा प्रश्न विचारतो, पण आमची पाटी वाचून तो पहिल्यांदाच कुणी विचारला होता. पुढं कितीतरी पोरी इथं राहून शिकून गेल्या. त्या गळ्यातल्या लॉकेटची मात्र पुन्हा कुठं गाठ पडली नाही. बाळ कुठल्या घरात जन्मलं असेल, हे मी आक्कांना कधी बोलू शकले नाही.

आक्कांची नांदेडची खोली मी रिकामी केली. एक ट्रंक, एक शेगडी आणि दाराशेजारी खिळ्याला इथल्या खोलीची दुसरी किल्ली, तिलाही पांढरी पट्टी. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक चांगलं बोलले आणि मी लातुरात परत आले ती रिकाम्या घरात. आमचे हे जाऊन बरीच वर्षं झाली. आता मेसवाली, लिफ्टवाली होस्टेलं उभी राहिली आहेत. आमच्या तिन्ही खोल्या उन्हाळ्यापासून बंद आहेत आणि मला पेन्शन नाही, या खोल्याच माझं जेवण. लेक पुण्याहून फोनवर म्हणाला, "आई, पाटी काढ ना. मी नेटवर नुसते फोटो टाकतो. नाव कशाला?" मी त्याला चार शिव्या दिल्या. आणि दुसऱ्या दिवशी दुपारी स्टूल घेतलं, पेचकस घेतला आणि चढले. या गुडघ्यांवर. एक स्क्रू काढला. दुसऱ्याला हात लावला आणि तो पालथा तांब्या दिसला... उतरले. काढलेला स्क्रू कुठं घरंगळला तो सापडला नाही. म्हातारीच्या चोरीला एवढी तरी शिक्षा हवीच.

आक्का खाली निवांत थांबायच्या असं मला जन्मभर वाटत होतं. काय निवांत! आता मी तिथं उभी राहते तेव्हा कळतं, त्या जिन्याखाली माणसाचं काळीज कुठं असतं ते.

हे लिहून राहिलेय आणि उदगीरकडच्या मायलेकी वर आहेत. किल्ली त्यांच्याकडं आहे. खिडकी उघडल्याचा आवाज आला. पाटी एका स्क्रूवर तिरकी लोंबतेय, म्हणून पायऱ्यांवर चपला वाजल्या की मी उठणार आणि ती हातानं सरळ धरून उभी राहणार, नीट वाचता यावी म्हणून. पाण्याचं विचारा गं बायांनो... पाण्याचं विचारा.